मोडलेल्या हातांची पत्रं

शोभना टेंभेकरला माणसांची नावं लक्षात राहत नसत. चेहरेही फारसे राहत नसत. हात मात्र राहत. श्रूजबरीच्या इंडियन ग्रोसरीत कुणी "ओळखलंत का?" म्हणून हसत समोर आलं, की ती आधी ट्रॉलीच्या दांड्यावरची त्याची बोटं बघायची आणि मग म्हणायची, "हो, हो. करंगळीचा टेंडन. आता मूठ पूर्ण वळते का?"

ती मूळची नागपूरची. तिथंच ऑक्युपेशनल थेरपी शिकली आणि लग्नाआधीची काही वर्षं वर्ध्याजवळच्या एका कुष्ठरोग रुग्णालयात नोकरी केली. बोटं आखडलेली, संवेदना गेलेली माणसं तिनं तिथं रोज पाहिली. त्यांना चमचा धरायला शिकवणं हे तिचं काम. पण शिकवायला जावं तर बऱ्याच जणांनी आपापली युक्ती आधीच शोधून काढलेली असायची. एक म्हातारा विडी अंगठा आणि तळहाताच्या मध्ये धरून इतक्या सफाईनं ओढायचा, की विडी वाईट हे त्याला सांगायचं तिच्या जिवावर यायचं.

पंचाण्णव साली अमेरिकेत थेरपिस्टांची टंचाई होती. एका एजन्सीनं तिला मॅसॅच्युसेट्समध्ये आणलं. नवरा, गुरुदत्त, तिच्या मागून डिपेंडंट व्हिसावर आला. इथल्या मराठी मंडळात बाकी सगळ्या घरांची गोष्ट याच्या उलट होती, त्यामुळे गुरुदत्तला सुरुवातीला जरा अवघडल्यासारखं व्हायचं. पुढं तोही एका इन्शुरन्स कंपनीत डेटाबेसच्या कामाला लागला आणि तो विषय मिटला. मुलगी ज्ञानदा दोन हजार एक साली सातवीत होती. शोभना वूस्टरमधल्या एका हँड क्लिनिकमध्ये काम करायची. फक्त हात. कोपराच्या वरचं काही तिच्याकडे येत नसे.

त्या वर्षी डिसेंबरात वॉल्टर गिलरॉय तिच्याकडे आले. सत्तरीच्या पुढचे, रिटायर्ड पोस्टमन, बायको जाऊन बरीच वर्षं झालेली. शिडीवर चढून पन्हळीतली पानं काढताना पडले होते आणि उजवं मनगट मोडलं होतं. प्लास्टर निघालं तरी बोटं काडीसारखी ताठ होती. शोभनानं त्यांच्या हातात व्यायामाच्या मऊ पुट्टीचा गोळा दिला, दाबायला सांगितला. त्यांनी तो टेबलावर ठेवून दिला.

"हे पोरांचं काम आहे," ते म्हणाले.

"बरं. मग घरी हातांनी काय करता तुम्ही?"

"पत्रं धरतो."

"पत्रं?"

"जुनी. कागद ठिसूळ असतो. नीट धरावा लागतो."

"मग पुढच्या वेळी एक घेऊन या," शोभना म्हणाली. "तेच करू."

पुढच्या आठवड्यात ते खरोखरच आले, काखेत पुठ्ठ्याचं पाकीट घेऊन. आत पारदर्शक कव्हरात एक पिवळा पडलेला कागद. अठराशे चौऱ्याहत्तर सालचं पत्र, पीट कॅलाहन नावाच्या माणसानं मेव्हण्याला लिहिलेलं. हा कॅलाहन बॉक्सर होता. हातमोजे येण्याच्या आधीचा, उघड्या मुठींनी लढणारा. गिलरॉयनी तिला समजावून सांगितलं: तेव्हा कायद्यानं बंदी होती, म्हणून या लढती नदीतल्या एखाद्या बेटावर नाही तर सपाट बोटीवर व्हायच्या. एक गडी पडला की फेरी संपली. तो उठला की पुढची सुरू. असं तासन् तास चालायचं. हाताची कातडी राठ व्हावी म्हणून ही माणसं महिना महिना मिठाच्या पाण्यात मुठी बुडवून बसायची.

शोभना ऐकत होती, पण तिचं लक्ष अक्षराकडे होतं. अक्षर मोठं आणि वेडंवाकडं. खाली येणारी प्रत्येक रेघ दाबून काढलेली, वर जाणारी थरथरलेली, आणि दर दोन-तीन शब्दांनंतर लिहिणारा थांबल्यासारखा. तिनं टेबलावरचं पेन उचललं, करंगळी आणि अनामिका तळहाताशी घट्ट मिटून घेतली आणि उरलेल्या बोटांनी एका कागदावर तशीच रेघ ओढून बघितली. मग पेन तर्जनी आणि मधल्या बोटाच्या फटीत धरलं. आता रेघ बरोबर आली.

"यानं टाक असा धरला होता," ती म्हणाली. "करंगळीच्या मागचं हाड मोडून वाकडं बसलं होतं याचं. शेजारचंही. या फ्रॅक्चरला आम्ही अजूनही बॉक्सर्स फ्रॅक्चरच म्हणतो."

गिलरॉयनी तिच्या हाताकडे बघितलं, मग पत्राकडे. हे पत्र त्यांच्याकडे वीसेक वर्षं होतं.

"पत्रात काय लिहिलंय?" तिनं विचारलं.

"मेव्हण्याकडे कोळशाच्या वखारीत काम मागतोय. आणि ज्याला यानं हरवलं त्यानं याला दोन कोंबड्या पाठवल्यात, त्यातली एक अंडी देत नाही म्हणून तक्रार."

शोभनाला हसू आलं. गिलरॉय हसले नाहीत. पण त्या दिवशी कागद कव्हरातून काढायचा आणि परत घालायचा व्यायाम त्यांनी कुरकुर न करता केला.

मनगट सुधारलं, विमा कंपनीनं मंजूर केलेल्या भेटी संपल्या. शोभना मात्र त्यांच्या घरी जायला लागली. गुरुवारी क्लिनिक लवकर सुटायचं आणि गिलरॉयचं तीन मजली लाकडी घर तिच्या परतीच्या वाटेवर होतं. वरच्या दोन मजल्यांवर भाडेकरू, खाली ते एकटे. स्वयंपाकघरातल्या टेबलावर पत्रं पसरलेली असायची. त्यांच्या डोळ्यांचा मधला भाग अधू होत चालला होता. कडेचं दिसायचं, समोरचं पुसट व्हायचं. म्हणून ती वाचायची आणि ते ऐकायचे. जुन्या अक्षराचं वळण, शब्द तोडायची पद्धत, बॉक्सरांच्या धंद्यातले शब्द त्यांनी तिला शिकवले.

हळूहळू ती स्वतःही गोळा करायला लागली. ब्रिमफील्डला वर्षातून तीनदा जुन्या वस्तूंचा मोठा बाजार भरतो, तिथल्या तंबूंमधून जुन्या कागदांचे खोके उपसत बसायची. नामांकित बॉक्सरांची पत्रं तिच्या आवाक्यातली नव्हती आणि तिला ती नकोही होती. संग्राहकांना पत्रात लढतीचं वर्णन हवं असायचं. शोभनाला ज्यांची नावं कुणाला ठाऊक नाहीत, त्यांची लढत सोडल्यानंतरची पत्रं हवी असत. त्यात संधिवात असायचा, गळकं छप्पर असायचं, चर्चच्या वर्गणीवरून झालेलं भांडण असायचं. आणि अक्षर असायचं. या माणसांच्या हातांवर कुणी उपचार केले नव्हते. मोडलेलं हाड जसं बसेल तसं बसलं. पुढची तीस-चाळीस वर्षं त्यांनी त्या हातांनी शर्टाची बटणं लावली, सूप प्यायले, टाक धरला. ते कसं केलं याचं दुसरं काही चिन्ह जगात उरलेलं नव्हतं.

गुरुदत्तला हे समजायला वेळ लागला.

"मारामाऱ्या करणाऱ्या लोकांची पत्रं जमवून राहिली तू," तो म्हणाला. "लोक स्टॅम्प जमवतात, नाणी जमवतात."

"मारामाऱ्या नाहीत त्यात. कोंबड्या आहेत."

"मंडळात कुणी विचारलं तर मी काय सांगू?"

"सांग की बायको हातांचा अभ्यास करते."

मंडळात खरंच विचारलं गेलं. गणपतीच्या पॉटलक जेवणाला नीला गद्रे म्हणाली, "शोभना, तू म्हणे बॉक्सिंग शिकतेस?" शोभनानं दहीबुंदी वाढून घेतली आणि हो म्हणाली. त्यावर पुढं कुणी काही विचारलं नाही.

ज्ञानदा मात्र दोन-तीनदा आईबरोबर गिलरॉयच्या घरी गेली. ती त्यांना मिस्टर जी म्हणायची. एकदा येताना गाडीत म्हणाली, "ही इज काइंड ऑफ मीन, बट आय लाइक हिम." शोभनानं मराठीत विचारलं, "मीन कसे काय?" ज्ञानदा म्हणाली, "ही नेव्हर सेज थँक यू." शोभनाच्या हे तोवर लक्षातच आलं नव्हतं.

दोन हजार चारच्या वसंतात एका गुरुवारी गिलरॉय बँकेत जाऊन लॉकर उघडून आले होते. टेबलावर एकच पाकीट होतं.

"हे मी बायको गेल्यापासून कुणाला दाखवलेलं नाही," ते म्हणाले. "आता लायब्ररीवाले मागतायत. या भागातल्या जुन्या खेळांचं प्रदर्शन करणार आहेत. देण्याआधी तुम्ही बघा."

पत्र माइक ट्रेसीचं होतं. गिलरॉयच्या संग्रहातला हा सगळ्यात मोठा बॉक्सर. एका बेटावर त्यानं दोन तासांवर झुंज दिली होती आणि त्या झुंजीबद्दल लिहिलेली दुसऱ्या दोघांची पत्रं शोभनानं आधीच वाचली होती. त्यातल्या एकानं लिहिलं होतं की माइकचा उजवा हात आता खडे भरलेल्या पिशवीसारखा झालाय. हे पत्र त्या झुंजीनंतर दोन वर्षांनी ट्रेसीनं बहिणीला लिहिलेलं. तो एका दगडाच्या खाणीवर पहारेकरी होता. लोकरीचे मोजे पाठव म्हणत होता. घरमालकिणीचा पोपट पाद्रीबुवांना शिव्या देतो असं सांगत होता. शेवटी लिहिलं होतं, "हे पत्र लिहायला मला दोन संध्याकाळी लागल्या. पण तू हसणार नाहीस हे मला माहीत आहे."

शोभनानं ते मोठ्यानं वाचलं. वाचतानाच तिचं मन दुसरीकडे लागलं होतं. अक्षर गोल होतं, एकसारखं होतं, कित्ता गिरवल्यासारखं नीट ओळीत होतं. कुठं थरथर नाही, कुठं दाब नाही.

"सुंदर आहे," ती म्हणाली. "पण हे त्यानं लिहिलेलं नाही."

गिलरॉयनी पत्र आपल्याकडे ओढून घेतलं.

"खडे भरलेली पिशवी म्हणजे तळहातातली सगळी हाडं फुटलेली. त्या हातानं हे वळण निघूच शकत नाही. कुणीतरी लिहून दिलंय, नाही तर मागाहून कुणी बनवलंय."

"खात्रीनं सांगताय?"

"मी रोज असे हात बघते."

"हो," गिलरॉय म्हणाले. "ते खरंच आहे."

त्यांनी पत्र पाकिटात ठेवलं. चहा झाला. मग नेहमीसारखी दुसरी दोन पत्रं वाचून झाली आणि ती घरी गेली. त्या रात्री जेवताना तिनं गुरुदत्तला सगळं सांगितलं, जरा रंगवूनच सांगितलं. तो म्हणाला, "त्यांनी विचारलं म्हणून ठीक आहे. पण म्हाताऱ्या माणसाला इतकं तोडून सांगायचं?" ती म्हणाली, "मग काय खोटं सांगायचं?"

गिलरॉयनी पत्र प्रदर्शनाला दिलं नाही. शरद ऋतूत त्यांनी ते एका डीलरमार्फत विकून टाकलं. हस्ताक्षर संशयास्पद आहे असं विक्रीच्या यादीत स्पष्ट छापा, ही अट त्यांनीच घातली. हे त्यांनी शोभनाला विकून झाल्यावर सांगितलं, दाराच्या मोडक्या बिजागरीबद्दल सांगावं तसं. तिला वाटलं, बरं झालं. खोटी वस्तू घरातून गेली. मनातून तिला थोडा अभिमानही वाटला. तीस वर्षं पत्रं जमवणाऱ्याला जे दिसलं नाही ते तिला एका नजरेत दिसलं होतं.

पुढच्या वर्षाच्या हिवाळ्यात शंतनू लिमये तिच्याकडे पेशंट म्हणून आला. पुण्याचा मुलगा, सॉफ्टवेअरमध्ये. पहिलंच घर घेतलेलं आणि दारातला बर्फ उडवायचा पहिलाच स्नोब्लोअर. त्यात ओला बर्फ अडकला म्हणून त्यानं मशीन बंद केलं आणि हात घालून काढायला गेला. मशीन बंद असलं तरी पात्यात ताण उरतो हे त्याला माहीत नव्हतं. उजव्या हाताची तीन बोटं गेली.

"टायपिंग करतो मी एका हातानं, त्याचं काही नाही," तो म्हणाला. "पण सही यार. बँकेत सही जुळत नाही माझी."

मग डाव्या हातानं लिहायचा सराव सुरू झाला. शोभना त्याला रेघांची वही द्यायची आणि तो क्लिनिकच्या कोपऱ्यात बसून लिहायचा. महिन्याभरानं त्यानं एक पान भरून आणून दिलं.

"पहिलीतल्या मुलासारखं आलंय, मावशी. हसू नका."

शोभना हसली नाही. ती पानाकडे बघत राहिली. अक्षर गोल होतं, एकसारखं होतं, कित्ता गिरवल्यासारखं. मोठं माणूस दुसऱ्या हातानं लिहायला शिकतं तेव्हा ते अक्षर काढत नाही, चित्र काढतं. सावकाश, प्रत्येक अक्षर सुटं. थरथर होण्याइतका वेग त्यात नसतोच. हे तिला माहीत होतं. वर्ध्याला असल्यापासून माहीत होतं. तिनं पान उजेडात धरलं. डावा हात ओल्या शाईवरून पुढं सरकला होता, त्यामुळे प्रत्येक ओळीत उजवीकडे हलका डाग ओढला गेला होता. आणि इंग्रजी टीवरची आडवी रेघ उजवीकडून सुरू होऊन डावीकडे बारीक होत गेली होती.

"काय झालं?" शंतनू म्हणाला. "इतकं वाईट आहे?"

"नाही, चांगलं आहे," ती म्हणाली. "खूप चांगलं आहे. हे पान मी ठेवू का?"

ट्रेसीच्या पत्रातही ओळीओळीत असे डाग होते. तिनं ते पाहिले होते आणि ओल लागली असेल म्हणून सोडून दिले होते. दोन संध्याकाळी लागल्या, हेही तिनं स्वतःच्या तोंडानं वाचलं होतं.

त्या दिवशी बुधवार होता. गुरुवारपर्यंत थांबायचं तिला जमलं नाही. काम संपल्यावर ती सरळ गिलरॉयकडे गेली. दार उघडताना त्यांनी मान थोडी तिरकी केली. आता त्यांना माणूस कडेनंच दिसायचा.

"आज गुरुवार आहे?" त्यांनी विचारलं.

"नाही. तुमच्याकडे ट्रेसीच्या पत्राची झेरॉक्स आहे ना?"

होती. खालच्या कपाटात, विजेच्या बिलांबरोबर. तिनं ती टेबलावर ठेवली, शेजारी शंतनूचं पान ठेवलं आणि दिव्याखाली टीच्या आडव्या रेघा बघितल्या. झेरॉक्स पुसट होती, पण तेवढं कळत होतं. रेघा डावीकडे बारीक होत गेल्या होत्या. सगळ्याच.

"मी चुकले," ती म्हणाली.

"कशात?"

"पत्र त्याचंच होतं. डाव्या हातानं लिहिलेलं. उजवा गेल्यावर तो डाव्यानं लिहायला शिकला असणार. दोन वर्षं होती त्याला." तिनं सगळं सांगितलं, डाग, रेघा, सुटी अक्षरं. डॉक्टरांना केस सांगावी तसं क्रमानं सांगितलं. गिलरॉय ऐकत राहिले. त्यांचे हात टेबलावर होते.

"मला तेव्हा वाटलं होतं," ते म्हणाले.

"काय वाटलं होतं?"

"की ते त्याचं आहे. मोजे, पोपट. बनवणारा माणूस झुंजीबद्दल लिहितो. पोपटाबद्दल कशाला लिहील? आणि दुसऱ्याकडून लिहून घेणारा माणूस दोन संध्याकाळी लागल्या असं कशाला म्हणेल?"

"मग बोलला का नाहीत?"

"तुम्ही म्हणालात, मी रोज असे हात बघते." त्यांच्या आवाजात राग नव्हता. "मी आयुष्यभर पाकिटं वाटली. मला काय म्हणता आलं असतं?"

शोभनानं शंतनूचं पान उचलून पर्समध्ये ठेवलं. बाहेर बर्फ उकरणारी गाडी रस्त्यावरून गेली आणि खिडकीची तावदानं हलली.

"काही आठवडे येऊ नका," गिलरॉय म्हणाले. "मी फोन करीन."

घरी येऊन तिनं गुरुदत्तला सांगितलं. तो भांडी डिशवॉशरमध्ये लावत होता.

"हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच," तो म्हणाला. मग तिच्या चेहऱ्याकडे बघून त्यानं हातातली ताटली खाली ठेवली. "घेणारा कोण आहे, कळेल का?"

डीलरनं आढेवेढे घेत नाव दिलं. ओहायोत राहणारा एक निवृत्त दंतवैद्य. शोभनानं त्याला हातानं लिहिलेलं पत्र पाठवलं. ईमेलही करता आली असती, पण तिला ते बरं दिसेना. आपण कोण, काय चुकलो, कशावरून चुकलो हे सगळं लिहिलं. शंतनूची परवानगी घेऊन त्याच्या पानाची प्रत जोडली. शेवटी विचारलं की पत्र मूळ मालकाला परत विकायचा तुम्ही विचार कराल का.

उत्तर तीन आठवड्यांनी आलं, टाइप केलेलं आणि अगदी सभ्य. दंतवैद्यानं लिहिलं होतं, "तुमचं स्पष्टीकरण मला पूर्ण पटलं. मी हे पत्र संशयास्पद म्हणूनच घेतलं होतं, कारण खरं पत्र मला कधी परवडलं नसतं. आता ते खरं आहे हे तुम्ही मला कळवलंत. साहजिकच मी ते देणार नाही. तुमचे मनापासून आभार." सोबत त्यानं पत्राचा एक चांगला रंगीत फोटो पाठवला होता.

शोभनानं उत्तर दोनदा वाचलं आणि फाइलला लावून टाकलं. त्या माणसाचं काही चुकलं आहे असं तिला म्हणता येईना.

फेब्रुवारी गेला, मार्च गेला. गुरुवारी ती लवकर घरी यायला लागली. ज्ञानदाला याचं आश्चर्य वाटलं. दोघींनी मिळून एकदा पुरणपोळ्याही केल्या, त्या फाटल्या. एप्रिलात क्लिनिकच्या रिसेप्शनिस्टनं सांगितलं की गिलरॉय नावाच्या पेशंटनं अपॉइंटमेंट घेतली आहे, अंगठा दुखतो म्हणतात.

अंगठ्याला काही झालं नव्हतं. वयाप्रमाणे थोडा संधिवात होता, इतकंच. तिनं तपासला, गरम मेणात हात बुडवायला दिला. मेण थिजत असताना ती म्हणाली, "मी ओहायोला लिहिलं होतं. ते परत देत नाहीत. फोटो पाठवलाय."

"मला फोटो दिसणार नाही."

"माहीत आहे."

"तरी ठेवा," गिलरॉय म्हणाले. आणि थोड्या वेळानं, "उद्या येताना दूध आणा. संपलंय."

गुरुवार पुन्हा सुरू झाले. पण पूर्वीसारखे नाही. आता ते तिला अक्षराबद्दल काही विचारत नसत. ती वाचायची, ते ऐकायचे, कधी मध्येच "पुन्हा" म्हणायचे. तिलाही मत द्यायची घाई राहिली नव्हती. एखाद्या पत्रात हात कसा होता हे दिसलं, तर ती आधी पत्र शेवटपर्यंत वाचायची, आणि मग पुष्कळदा काही न बोलता पुढचं घ्यायची. एकदा एका पत्रात एका म्हाताऱ्या बॉक्सरनं लिहिलं होतं की माझी नात आता माझी बटणं लावून देते आणि त्याचे ती पैसे मागते. गिलरॉय मोठ्यानं हसले. त्यांना हसताना तिनं पहिल्यांदाच ऐकलं.

दोन हजार सातच्या उन्हाळ्यात त्यांची पुतणी मेन राज्यातून आली आणि घर विकायचं ठरलं. त्यांना आता एकट्यानं राहता येण्यासारखं नव्हतं. पत्रांचे खोके शोभनानंच भरले, प्रत्येक कव्हरावर नाव आणि साल लिहून.

"सगळी तुम्ही घ्या," गिलरॉय म्हणाले. पुतणी दारात उभी होती, तिला हे आवडलं नसावं.

"माझं घर तसं नाही," शोभना म्हणाली. "बेसमेंटमध्ये पाणी येतं. ज्ञानदा आता कॉलेजला जाईल, मी दिवसभर कामावर. लायब्ररीला द्या. तिथं लोक वाचतील तरी."

"लोक वाचत नाहीत."

"मी जाऊन वाचीन."

खोके लायब्ररीला गेले. गिलरॉय पोर्टलंडला पुतणीकडे गेले. समुद्र जवळ आहे, दिसत नाही पण वास येतो, असं त्यांनी फोनवर सांगितलं. तक्रारीच्या सुरात सांगितलं.

पुढच्या वर्षी ओहायोच्या दंतवैद्यानं संग्राहकांच्या एका छोट्या मासिकात ट्रेसीच्या पत्रावर लेख लिहिला. त्यात शोभनाचं स्पष्टीकरण जसंच्या तसं दिलं होतं, फक्त तिचं आडनाव टेम्बरकर छापलं होतं. ती आधी चुकली होती, हे त्यानं लिहिलं नव्हतं. शोभनानं मासिकाला पत्र पाठवून ते कळवलं. पुढच्या अंकात शेवटच्या पानावर तीन ओळी आल्या, आडनाव दुरुस्त करून.

मग तिला पत्रं यायला लागली. नेब्रास्काहून, केंटकीहून, एक तर आयर्लंडहून. सगळ्यांचा प्रश्न एकच: माझ्याकडचं पत्र खरं का? सोबत फोटो. शोभना शनिवारी दुपारी जेवणाच्या टेबलावर बसून उत्तरं लिहायची. फोटोवरून सांगता येत नाही, असं ती प्रत्येकाला लिहायची. शाई कुठं ओढली गेली आहे ते बघा. माणूस लढत सोडल्यावर काय काम करत होता ते शोधा. पत्रात काय लिहिलंय ते मला कळवा, सगळं, किरकोळ वाटलं तरी. काही जण त्यावर पुन्हा लिहीत नसत. काही जण चार-चार पानं लिहीत.

ऑक्टोबरातल्या एका शनिवारी मंडळाचं कोजागिरीचं होतं. गुरुदत्त मसाला दुधाचं पातेलं गाडीत ठेवून परत आत आला. शोभना नेब्रास्काच्या एका शेतकऱ्याला लिहीत होती. त्याच्या पणजोबांच्या पत्रातलं अक्षर अर्ध्यात अचानक बदलत होतं.

"काय गं, होतंय का?"

"बायकोनं पुढचं लिहिलं असेल," ती म्हणाली. "किंवा तोच दमला असेल. किंवा टाक बदलला."

"यातलं काय?"

"माहीत नाही. त्याला तिन्ही लिहिते."

गुरुदत्तनं खुर्ची ओढली आणि तिचं लिहून होईपर्यंत कोट घालूनच बसून राहिला.